लाल मारुतीवरचा शेवटचा हात

गुरुवारी सकाळी सव्वाआठला धाकू घाडी नवघर रोडवर एका डॉक्टरांच्या गाडीला साबण लावत होता, तेव्हा शरच्चंद्र टिपणिसांचा फोन आला.

"धाकू, आहेस कुठे तू?"

"इथंच आहे साहेब, मुलुंडातच. का?"

"हातातलं टाक आणि ये. आणि हे बघ, बाईंना फोनबिन करू नकोस."

धाकूला पुढचं विचारायची गरजच पडली नाही. टिपणीस बाई, म्हणजे कुंदाबाई, मुलीच्या, रेवतीच्या, नव्या घराची लावालावी करायला नाशिकला गेल्या होत्या. त्यांच्यापासून साहेबांनी लपवावं असं एकच काहीतरी असू शकत होतं. लाल मारुतीला काहीतरी झालं होतं.

झालं होतं ते असं. सोसायटीला बाहेरून बदामी रंग लागत होता. दोरांना टांगलेल्या झुल्यावर चढलेले रंगारी रोलर फिरवत होते आणि वाऱ्याने उडालेले बारीक थेंब खाली येऊन बसत होते. गाड्या झाकून ठेवा म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर तीन वेळा सूचना आली होती. सगळ्यांनी झाकल्या. साहेबांनीही झाकली. पण बुधवारी त्यांच्या मनात आलं, कव्हर फार मळलंय, बाई येण्याआधी धुऊन ठेवू. त्यांनी कव्हर मशीनला लावलं आणि गच्चीवर वाळत घातलं. ते वाळेपर्यंत खाली गाडीवर कुणी रवा भुरभुरावा तसे बदामी ठिपके पडले होते.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण विमा कंपनीत पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या अपघातांचे कागद तपासलेला माणूस स्वस्थ कसा बसणार? साहेबांनी ओट्यावरची हिरवी घासणी घेतली, भांड्यांचा साबण घेतला आणि बॉनेटवर गोल गोल हात चालवत अर्धा तास घासलं. सत्तरी ओलांडेपर्यंत ज्यांनी कधी चहाचा कपही विसळला नव्हता, त्यांना घासणी कशावर चालते आणि कशावर नाही हे कळणार तरी कसं?

धाकू आला तेव्हा साहेब हाफ पँटमध्ये गाडीशेजारी उभे होते. घासणी अजून हातातच होती.

"बघ, ठिपके गेले की नाही!"

"ठिपके गेले साहेब," धाकू म्हणाला. "सोबत चमकपण घेऊन गेले."

त्याने मान तिरकी केली. उन्हात बॉनेटवर गोल गोल बारीक रेघांचं जाळं दिसत होतं, जुन्या स्टीलच्या ताटावर असतं तसं. लाल रंग पांढुरका पडला होता. धाकूने अंगठ्याचं नख रेघांवरून आडवं फिरवलं. एकदा, दोनदा, मग दुसऱ्या टोकाला. नख कुठेच अडकलं नाही.

"ओरखडे वरवरचे आहेत. नख लागत नाही."

"मग झालं तर! मार ते घासायचं कंपाउंड आणि मोकळा हो. रविवारी संध्याकाळी बाई येतायत. त्याच्या आत गाडी होती तशी पाहिजे."

धाकूने पिशवी खाली ठेवली, आणि ती उघडलीच नाही.

गेल्या दसऱ्याला त्याने याच जागी, याच गाडीपुढे बाईंना शब्द दिला होता. त्याचा मुलगा सौरभ अंधेरीला गाड्या चमकवायच्या एका मोठ्या स्टुडिओत कामाला आहे. तिथे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र असतं. पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. धाकूने ते दोन दिवसांसाठी मागून आणलं होतं. नव्या गाडीवर शंभर-सव्वाशे आकडा येतो. बाईंच्या बॉनेटवर साठ आला, आणि त्यातले पन्नास खालच्या करड्या प्रायमरचे, म्हणजे अस्तराचे. धाकूला यंत्राची गरज नव्हती, हे त्याच्या अंगठ्याला दोन वर्षांपासून माहीत होतं. पण बाई विज्ञानाच्या शिक्षिका. त्यांना आकडा दाखवला की पटतं.

"बाई, आता या गाडीला कंपाउंड नाही," तो म्हणाला होता. "नुसतं धुणं आणि वर मेण. घासायला एकच हात उरलाय, आणि तो मी लावणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

आजकालच्या गाड्यांना हा प्रश्न नसतो. त्यांच्या रंगावर काचेसारखा पारदर्शक थर असतो. कितीही पॉलिश करा, फडकं पांढरंच राहतं, कारण झिजतो तो वरचा थर. जुन्या साध्या रंगाच्या गाड्यांचं तसं नव्हतं. त्यांना घासलं की फडक्यावर गाडी उतरायची. धाकू शिकला त्या अंधेरीच्या गॅरेजात दुपारी फडकी धुऊन दोरीवर टाकत. दोरी बघितली की सकाळपासून कुठल्या कुठल्या गाड्या येऊन गेल्या ते कळायचं. आकाशी, बिस्किटी, मोरपंखी, एखादी टॅक्सी असली तर काळं आणि पिवळं शेजारी शेजारी. आता धाकूची फडकी सगळी सारखीच मळकी असतात. रंगीत फडकं निघेल अशी त्याच्या हाताखालची एकच गाडी उरली होती, ही लाल मारुती.

त्या गॅरेजात तो आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. वडील परळच्या गिरणीत फोल्डिंग खात्यात, तयार कापड तपासायला होते. ताग्यावरून नुसता तळवा फिरवून सुटलेला धागा सांगायचे. गिरणी संपात बंद पडली ती पुन्हा त्यांच्यासाठी उघडलीच नाही. धाकूची नववी अर्धी राहिली, आणि गावच्या ओळखीने खंडू मिस्त्रीने त्याला ठेवून घेतलं. मिस्त्री फार बोलत नसे. पहिले चार महिने त्याने धाकूला फक्त गाड्या धुवायला आणि डोळे मिटून हात फिरवायला लावलं. "काय लागतंय?" "काय नाय लागत." "परत फिरव." मग एके दिवशी त्याने धाकूच्या हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि म्हणाला, आता फिरव. धाकू दचकला. जो पत्रा गुळगुळीत वाटत होता त्यावर कणन् कण हाताला टोचायला लागला. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "आमच्यात तर तळव्याला टाल्कम लावायचे." बापलेकांचं कामाबद्दल तेवढंच काय ते बोलणं झालं, पण ते धाकूच्या पक्कं लक्षात राहिलं.

नव्याण्णव साली मालकाने गॅरेजची जागा विकली. धाकू पिशवी खांद्याला लावून मुलुंडच्या सोसायट्यांत हिंडायला लागला. वॉचमन हाकलायचे. टिपणीस बाईंनी हाकललं नाही. त्यांची मारुती तेव्हा वर्षाची होती, स्वतःच्या पगारातून घेतलेली, आणि कुणाच्या तरी सायकलच्या हँडलने दारावर रेघ उमटली होती. धाकूने नख फिरवलं आणि म्हणाला, जाईल.

"नखावरून कसं कळलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

त्याला 'तुम्ही' म्हणणारं तोवर कुणी भेटलं नव्हतं. त्याने जमेल तसं सांगितलं. रेघ नखापेक्षा बारीक असेल तर वरच्या रंगात आहे, आजूबाजूचा रंग तिच्याइतका खाली आणला की ती दिसत नाही. म्हणजे ओरखडा आपण काढत नाही, बाकीची जागा त्याच्या पातळीला आणतो.

पुढच्या आठवड्यात बाईंनी त्याला शाळेत बोलावलं. आठवीला घर्षणाचा धडा चालू होता. नववी अर्धी सोडलेला धाकू फळ्यापुढे उभा राहिला, घामाघूम झाला, आणि त्याने पन्नास मुलांना आपापल्या डब्याच्या झाकणावरून नख फिरवायला लावलं. वर्गात असा काही कर्रकर्र आवाज झाला की शेजारच्या वर्गातले मास्तर बघायला आले. त्या वर्गातली पोरं आता चाळिशीला आली. त्यातली दोघं-तिघं अजून त्याच्याकडेच गाडी देतात.

तेव्हापासून दर दसऱ्याला ही गाडी त्याची.

"अरे, उभा काय राहिलास?" साहेब म्हणाले.

"आधी उरलेले ठिपके काढतो साहेब. त्याला रंग जात नाही."

ते काम त्याने शांतपणे केलं. टपावर आणि डिकीवर ओली फडकी तासभर टाकून ठेवली, म्हणजे बदामी रंग फुगतो. मग सौरभने दिलेला रंगावरचे कण उचलणाऱ्या क्लेचा, चिकट मातीचा करडा गोळा कणकेसारखा मळला, साबणाचं पाणी शिंपडलं आणि गोळा हलकेच सरळ रेषेत सरकवत नेला, गोल नाही. सुरुवातीला गोळा खरखर करत होता. हळूहळू आवाज बारीक झाला, मग थांबला. गोळ्यात बदामी कण रुतले की तो घडी घालून आतली बाजू वर आणी. एकदा गोळा हातातून निसटून जमिनीवर पडला. धाकूने तो सरळ कचऱ्यात टाकला आणि पिशवीतून दुसरा काढला.

"अरे, धुऊन घे ना!"

"त्याला चिकटलेली खडी धुऊन जात नाही. मग घासणी काय आणि हा काय."

साहेब बाजूला सरकले. पण बाराच्या सुमारास टप आणि डिकी स्वच्छ झाल्यावर त्यांना पुन्हा धीर आला.

"आता बॉनेट."

"बॉनेटला मी हात लावणार नाही साहेब. बाईंना शब्द दिलाय."

"शब्द? कसला?"

धाकूने सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, घासणीकडे बघितलं आणि एकदम त्यांचा आवाज चढला.

"मग मी काय करू? हे असं दाखवू तिला? ती गाडी म्हणजे तिचं... अरे, लग्नाचा अल्बम पाण्यात पडला तेव्हा एवढी चिडली नाही, पण मागच्या वर्षी मी दाराला पिशवी घासली तर चार दिवस माझ्याशी अबोला! हे बघ, तू करत नसलास तर नाक्यावरचा मशीनवाला करेल. दहा मिनिटांचं काम आहे त्याला."

नाक्यावरच्या पोराला धाकू ओळखत होता. मशीन झकास चालवायचा, पण नव्या गाड्यांवर. या बॉनेटवर मधोमध जी उभी कड होती, तिथे रंग सगळ्यात पातळ. मशीन तिथे एक क्षण जास्त टेकली की लाल जाऊन खालचं करडं उघडं पडणार. मग पुन्हा रंग मारल्याशिवाय इलाज नाही. आणि पुन्हा रंगवलेली गाडी म्हणजे ही गाडी नव्हे.

त्याने शब्द पाळला तर मशीनवाला येणार. मोडला तर शेवटचा हात त्याच्याच हाताने जाणार, तोही बाईंच्या पाठीमागे.

"शनिवारपर्यंत कुणाला बोलावू नका साहेब," तो म्हणाला. "तेवढं माझ्यासाठी करा."

घाटकोपरला भटवाडीत घरी पोचला तेव्हा त्याची बायको जानकी तांदूळ निवडत होती. त्याने पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. जानकीने ऐकता ऐकता चार खडे बाजूला काढले.

"बाईंका फोन केलास?"

"साहेबांनी नको सांगितलानी."

"गाडी कोणाची?"

"बाईंची."

"सबूद कोणाक दिलास?"

"बाईंका."

"मगे साहेबांका कित्याक इचारतास?" जानकी म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

शुक्रवारी सकाळी त्याने फोन लावला. आपण चहाडी करतोय असं वाटून त्याने आधी प्रवास कसा झाला, हवा कशी आहे, रेवतीताई बऱ्या आहेत ना, असं सगळं विचारून घेतलं.

"धाकू," बाई म्हणाल्या, "गाडीला काय झालंय?"

त्याने सांगितलं. घासणीचा उल्लेख आला तशी बाईंनी त्याला मधेच थांबवलं.

"हिरवी की तारेची?"

"हिरवी, बाई."

"हां. नशीब. आणि यांनी सांगितलं असेल, मला कळवू नकोस."

"साहेब घाबरलेत बाई. त्यांचा हेतू चांगला होता. कव्हर धुवायचं म्हणून..."

"त्यांचा हेतू नेहमीच चांगला असतो. उद्या दुपारी येते मी. तोवर त्या गाडीला कुणी बोट लावायचं नाही. तुम्हीसुद्धा."

शनिवारी दीड वाजता बाई रिक्षातून उतरल्या. पिशव्या वॉचमनकडे ठेवून वर घरी न जाता थेट गाडीकडे आल्या. साहेब पाठीमागे हात बांधून उभे होते, शाळेत वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे. बाईंनी चष्मा पुसला, वाकल्या आणि बॉनेटवरून स्वतःच्या अंगठ्याचं नख फिरवलं.

"अडकत नाही."

"नाही बाई."

"म्हणजे जाईल."

"जाईल. पण मग पुढे काही नाही. पुढच्या वेळी खालचं दिसणार." धाकूने घसा खाकरला. "मी म्हणतो, असंच राहू द्या. मेण लावतो. लांबून कळत नाही. हात शिल्लक राहील."

"कुंदा, मी सांगणारच होतो," साहेब म्हणाले.

"तुम्ही थांबा." बाई गाडीला टेकल्या. वर झुल्यावरचे रंगारी जेवायला गेले होते, रिकामा झुला भिंतीला घासत होता. "धाकू, तो हात शिल्लक ठेवून करायचं काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे लोणचं घालायचंय का त्याचं? मला सत्तर पूर्ण झाली. डाव्या डोळ्याने रात्रीचं दिसत नाही, अंधार पडला की चालवत नाही मी. अजून किती चालवीन? दोन वर्षं? मी गेल्यावर रेवती ही भंगारात देणार, आणि भंगारवाल्याला काय सांगणार, हिच्या बॉनेटवर एक हात शिल्लक आहे?"

"असं काय बोलता बाई..."

"खरं ते बोलते. गेल्या दसऱ्याला मीच तुमच्याकडून शब्द घेतला, चुकलंच माझं. गाडी पांढुरकी दिसायला लागली तरी मी म्हणत होते, असू दे, हात शिल्लक आहे." त्यांनी धाकूकडे बघितलं. "मला ती लाल बघायचीय. एकदा. तुमचा शब्द मी परत करते. लावा हात."

सत्तावीस वर्षं धाकू ही गाडी वाचवत आला होता, दर वर्षी आधीच्यापेक्षा हलका हात लावत. आता सांगितलं जात होतं की वाचवू नकोस. त्याने बॉनेटवर तळवा ठेवला. उन्हाने पत्रा तापला होता.

"सावलीत घ्यावी लागेल," तो म्हणाला. "तापल्यावर मसाला सुकतो."

"ढकला हो," बाई साहेबांना म्हणाल्या. "आणि मग बादली भरा. तीन लागतील. घासणी आणू नका."

मशीन नाही, जाडं कंपाउंडही नाही. धाकूने पिशवीतली सगळ्यात बारीक मलमाची डबी काढली, जुन्या बनियनचं धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं बोटांना गुंडाळलं. मधल्या कडेवर आधी कागदी पट्टी चिकटवली, म्हणजे तिथे हात जाणारच नाही. मग एका कोपऱ्यातून सुरुवात केली. वीतभर जागा, पन्नास वेळा पुढे-मागे, पुसणं, बघणं, पुढची वीत. फडकं आधी गुलाबी झालं, तो उन्हाने मेलेला वरचा रंग होता. मग लाल झालं. धाकू दर वेळी फडकं उलटून रंग बघायचा. गुलाबी निघतंय तोवर चालू द्यायचं, भरलेलं लाल दिसलं की तिथे थांबायचं. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

बाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होत्या. मधे एकदा म्हणाल्या, "आठवीच्या वर्गात तुम्ही खडू हातात धरलात तो असाच. तीन बोटांत."

"पाय लटपटत होते माझे त्या दिवशी."

"दिसत होतं. म्हणून तर पोरं गप्प बसली. हसली असती तर मी बाहेर काढली असती सगळ्यांना."

साडेपाचला त्याने कडेवरची पट्टी काढली. तिथल्या रेघा तशाच होत्या, बोटभर रुंदीच्या. त्या त्याने सोडल्या. बाकी बॉनेटवर मेणाचा हात दिला, सुकू दिला आणि कोरड्या फडक्याने उडवला.

लाल. अठ्ठ्याण्णव-नव्याण्णवच्या सुमाराला या सोसायटीत लोक गॅलरीत येऊन बघायचे तो लाल. नुसता चकचकीत नव्हे, आतून भरलेला. त्यात बदामी इमारत उभी होती, झुला होता आणि खाली वाकलेले साहेब होते.

"बापरे," साहेब म्हणाले. "कुंदा, हे तर..."

"गप्प." बाई उठल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, कडेजवळ थांबल्या, रेघांवर बोट ठेवलं. "ह्या राहू दिल्यात."

"तिथे नव्हतंच काही. घेतलं असतं तर करडं आलं असतं."

"बरं केलंत." त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "बसा. घाटकोपरला सोडते. अजून उजेड आहे."

"नको बाई, माझे कपडे बघा, सगळा मसाला..."

"सीट धुता येते. बसा म्हणते ना."

धाकू बसला. सत्तावीस वर्षांत या गाडीचा इंच न् इंच त्याने बाहेरून, वाकून बघितला होता. आत तो बसला होता तो फक्त गाडी पुढे-मागे करायला. बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा नीट केला आणि गाडी गेटबाहेर काढली. साहेब रिकामी बादली घेऊन हात हलवत राहिले.

हमरस्त्याला लागल्यावर पश्चिमेचं ऊन समोरच्या इमारतींच्या काचांवरून परतून बॉनेटवर आलं. झाडं, दिव्यांचे खांब, पुलाच्या कमानी लाल रंगात पुढून शिरत होत्या आणि काचेपाशी येऊन नाहीशा होत होत्या. धाकू बघत होता. आपण ज्याच्यावर एवढी वर्षं हात फिरवला ते बाईंना रोज असं दिसत होतं तर, त्याच्या मनात आलं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"कसं दिसतंय?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात पुढे रेतीचा डंपर आला.

"बाई, ह्याच्या मागे नको. खडी उडते."

"लांब आहे तो."

"कितीही लांब असू दे. लेन बदला. हळू. आणि तो बाइकवाला बघा, हँडल लागेल."

"धाकू, गाडी कोण चालवतंय?"

"तुम्ही."

"मग गप्प बसा," बाई म्हणाल्या. त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी डंपरपासून दूर बाजूच्या लेनमध्ये घेतली आणि तिसरा गिअर टाकला.